भरताची वांगी गच्चीवरही येतात

गच्चीवरच्या भाजीबागेबद्दलच्या एका लेखात बाराही महिने सगळ्या भाज्या घ्या म्हटलंय, ते आमच्या भुसावळला जमत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, कुंडीतली माती तव्यासारखी तापते. तेव्हा मी हिरव्या जाळीखाली फक्त कढीपत्ता आणि मिरची जगवते.

पण पावसाळ्यात लावलेली भरताची हिरवी वांगी थंडीत काय येतात! या जळगावच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कुंडी मोठी हवी, खाली पालापाचोळा, वर शेणखत. आणि रोज शेंडे बघा. शेंडा अचानक मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो खालून खुडून लांब नष्ट करायचा, झाडावर ठेवायचा नाही. मी पहिल्या वर्षी दुर्लक्ष केलं आणि निम्मी वांगी किडकी निघाली.

भरीत मात्र गॅसवर नकोच. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजा, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून ठेचा, वरून कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. पात तर दोन कुंड्यांत घरचीच निघते, ती आधी लावा.