सगळं हिरवं आहे, काकाजी

आमच्या पेढीचा धंदा मोटरपंप आणि पाइप फिटिंगचा, होलसेल. पेढी नागपूरच्या इतवारीत, गोडाऊन वाडीला, आणि हिंगणा एमआयडीसीत एक छोटं असेंब्लीचं शेड. मी लागलो अकाउंटला. पण सहा वर्षांपूर्वी एकदा प्रिंटरमध्ये फसलेला कागद मी न फाडता बाहेर काढला, तो आमच्या मालकांनी, म्हंजे काकाजींनी पाहिला, आणि त्या दिवसापासून कंपनीचं आयटी खातं म्हंजे मी. पगार अकाउंटचाच.

तर यंदा मे महिन्यात वाडीचं नेट रोज दुपारी जायला लागलं. तीनच्या आसपास, आणि जायचं ते तीन-चार मिनिटंच. पण त्याच तीन-चार मिनिटांत कोणाचं तरी ई-वे बिल, म्हंजे ट्रकसोबत लागणारा ऑनलाइन कागद, बरोबर अर्ध्यात असायचं, बाहेर उन्हात ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, गोडाऊनच्या मॅडम मला फोनवर ओरडून सांगायच्या आणि मी इतवारीतून "राउटर बंद करून चालू करा" एवढं म्हणेस्तोवर तिकडून आवाज, "आलं आलं, राहू द्या." दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणाऱ्या पोरासारखं.

त्यातच एका रिसेप्शनला कोणीतरी काकाजींना मोबाइलवर आपल्या ऑफिसचा फोटो दाखवला. परसोडीच्या आयटी पार्कमधलं ऑफिस, भिंतीभर टीव्ही, टीव्हीवर नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके. ठिपका हिरवा म्हंजे तिथलं नेट, तिथली यंत्रं चालू.

"आपल्याले बी असंच पायजे," दुसऱ्या दिवशी गादीवर टेकता टेकता काकाजी म्हणाले. "नेटवर्क मॅनेजमेंट का काय म्हणते त्याले. कोनतं चांगलं हाये ते पाह्य. अन् लय महागाचं नको पाहू."

रात्री पाहायला बसलो. राजेहो, कूलर घ्यायचा तर बर्डीवर तीन दुकानं फिरलं की माणूस थकतो आणि चौथ्या दुकानात घेऊन टाकतो. इथं थकायचीही सोय नाही, घरबसल्या दुकानं संपतच नाहीत. झॅबिक्स म्हणून एक फुकटचं, लॅटव्हियातल्या माणसाने २००१ मध्ये बाहेर आणलेलं. नॅगिऑस, जे १९९९ मध्ये नेटसेंट नावाने आलं आणि २००२ मध्ये नाव बदलून बसलं. १९९५ पासून आलेख काढत असलेलं एमआरटीजी. आणि या सगळ्यांचा आजोबा म्हंजे पिंग, डिसेंबर १९८३ मध्ये माइक मूस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लिहिलेला, नाव पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. काम एकच, हाक मारायची, ओ आली तर यंत्र जिवंत. मला तिथंच झोपायला हवं होतं, कारण आमच्या धंद्याला तेवढं पुरलं असतं. पण मी पुढं वाचत गेलो आणि एसएनएमपी लागला, सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हंजे नेटवर्कवरच्या यंत्रांना त्यांची हालहवाल विचारायची भाषा.

यातला पहिला एस म्हंजे सिंपल. १९८८ पासून हे लोक त्याला सिंपल म्हणतायत. स्विच, म्हंजे सगळ्या यंत्रांच्या नेटच्या वायरी जिथं येऊन जुळतात तो डबा, किती वेळापासून चालू आहे एवढं विचारायचं तर प्रश्न असा विचारायचा: १.३.६.१.२.१.१.३.०. आणि उत्तर येतं सेकंदाच्या शंभराव्या भागात. बरं, तो आकडा ३२ बिटांचा, त्यामुळे ४९७ दिवसांनी भरतो आणि परत शून्यापासून सुरू. याची काळजी मी पाऊण तास केली. मग आठवलं की आमच्याकडं लाइट जाते, ४९७ दिवस इथं काहीच चालत नाही.

सकाळी काकाजींना समजावून सांगितलं. की दोन पद्धती असतात, एक पोलिंग, सॉफ्टवेअर दर काही मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारतं, बरा आहेस का. दुसरी ट्रॅप, यंत्र स्वतःहून कळवतं की मी पडलो. मी बोर्डावर बाण वगैरे काढणार होतो पण काकाजींनी हात वर केला.

"म्हंजे मी दर अर्ध्या तासाने वाडीले फोन करते ते पोलिंग. अन् चौकीदार सोताहून मिस कॉल देते तो ट्रॅप."

चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला काय शिकवणार बाप्पा.

मग भावाचं प्रकरण. यात कोणी यंत्रामागे पैसे घेतो, कोणी सेन्सरमागे, आणि यंत्र म्हंजे काय ते कळतं पण सेन्सर म्हंजे त्या यंत्राची प्रत्येक मोजायची गोष्ट, पिंग एक, गरमी एक, मेमरी एक, आणि चोवीस पोर्टांच्या, म्हंजे वायर खोचायच्या चोवीस जागांच्या स्विचचं प्रत्येक पोर्ट मोजलं तर तिथंच चोवीस. मी वहीत मांडलं. कॅमेरे १६, प्रिंटर ४, हजेरीच्या मशिनी २, राउटर ३, स्विच ५, यूपीएस ३, सर्व्हर १. एका हिशेबाने चौतीस, दुसऱ्या हिशेबाने तीनशेच्या वर. काकाजी वही पाहून म्हणाले, "आपन पंप विकतो तं पंपाचे पैसे घेतो. का नळाच्या प्रत्येक तोटीचे घेऊ उद्यापासून?"

पैसेवाल्यांपैकी एकाचा माणूस डेमोला आला. मे महिना, इतवारी, आणि हा फुल शर्ट-टायमध्ये. तर्री पोहे मागवले. पहिल्या घासाला तो इंटिग्रेशनबद्दल बोलत होता, तिसऱ्या घासाला बोलायचा थांबला. पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, तुमचे स्विच मॅनेज्ड आहेत का अनमॅनेज्ड.

"मॅनेज तं हाच करते," काकाजी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले.

त्या माणसाचं खरं होतं म्हणा. स्वस्तातल्या साध्या स्विचला हा एसएनएमपी येतच नाही, त्याला काही विचारा, तो नुसता दिवे मिचकावतो. आमच्या पाचापैकी चार तसलेच निघाले. शिकलेला एकच, वाडीचा चोवीस पोर्टांचा, कॅमेऱ्यांसोबत सेकंडहँड आलेला. आणि त्याला माहिती विचारायचा पासवर्ड काय होता तर 'पब्लिक'. कारखान्यातून येतो तसाच, कोणीच बदललेला नव्हता. अख्ख्या वाडीने विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

डेमोत सगळ्यात भारी गोष्ट म्हंजे ऑटो डिस्कव्हरी. बटण दाबलं की सॉफ्टवेअर स्वतःच नेटवर्कभर फिरून कोण कोण जोडलेलं आहे ते शोधून आणतं. इतवारीत माझ्या वहीप्रमाणे अकरा यंत्रं. सापडली सव्वीस. तेरा मोबाइल आपल्याच लोकांचे निघाले आणि पेढीत एकदम शांतता पसरली, जो तो रजिस्टरमध्ये डोकं घालून. त्यानंतर टेबलाखाली लपवलेला एक वायफाय राउटर निघाला जो कोणाचाच नव्हता, आजही नाही. आणि शेवटी एक स्मार्ट टीव्ही. आमच्याकडं टीव्हीच नाही. शोध घेतला तर तो शेजारच्या पेढीतला, गेली दोन वर्षं आमच्या नेटवर मॅच पाहणारा. मी ताडकन उठलो, म्हटलं आत्ता पासवर्ड बदलतो.

"बस बे," काकाजी हळूच म्हणाले. "मीच देल्ला हाये. आपली गाडी त्याच्या सावलीत लागते ना."

असलं कोणतंच सॉफ्टवेअर नकाशावर दाखवत नाही. डेमो म्हंजे कळमन्यातल्या संत्र्याच्या पेटीचा वरचा थर, खाली हात घालून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि खाली हात घातला की असं सापडतं.

त्या माणसाचं कोटेशन आलं, काकाजींनी ते चष्म्याने आणि चष्म्याशिवाय वाचलं आणि पाकीट बनवून खिशात ठेवलं. त्यांच्या मुलाने, म्हंजे आमच्या दादाने, त्यात भर घातली की २०२० मध्ये अमेरिकेत सोलरविंड्सच्या ओरायन या असल्याच सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हॅकर घुसले होते, १८,०००च्या आसपास ग्राहकांपर्यंत ते अपडेट गेलं, त्यात तिथली सरकारी खातीसुद्धा. सगळ्या खोल्यांच्या चाव्या ज्याच्याकडं, त्याच्याच कमरेला हात घातला. काकाजींना कोटेशन नाकारायला सज्जड कारण मिळालं. फुकटचं घ्यायचं ठरलं. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये पण हेच होऊ शकतं हे मी बोललो नाही, तेव्हा साडेसात वाजले होते आणि मला घरी जायचं होतं.

तीन रविवार गेले. अकाउंटच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते बसवलं, कॉम्प्युटर दमू नये म्हणून विचारपूस दर पाच मिनिटांनी ठेवली, आणि काही झालं की मेसेज माझ्या मोबाइलवर. दुसऱ्याच रात्री सव्वादोनला सिमेंट रोडच्या खोदकामात हिंगण्याची लाइन तुटली. लाइन एकच तुटली होती, पण शेडमधला प्रत्येक कॅमेरा, हजेरीची मशीन, प्रिंटर, सगळे वेगवेगळे मेले असं सॉफ्टवेअरने मला वेगवेगळं कळवलं, आणि मी बंद कसं करायचं ते शोधत होतो तोवर दर पाच मिनिटांनी परत कळवलं. राउटर पडला तर त्याच्यामागचे पडलेच समजायचे, असं त्याला आधी शिकवावं लागतं. मी नव्हतं शिकवलं, चूक माझीच. बायको उठून बसली. "काय जी, कोण मेलं?" म्हटलं, प्रिंटर. त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस फक्त पोरामार्फत बोलली.

पण खरी गंमत पुढंच आहे. वाडीचं नेट रोज तीनला जातच होतं, मॅडम ओरडतच होत्या, आणि माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं. "मॅडम, इथं तर चालू दिसतंय." "मग या इथं आणि तुमच्या त्या हिरव्यावर बिल काढा!" चूक परत माझीच. पाच मिनिटांनी एकदा विचारायचं आणि नेट जायचं तीन मिनिटं, दोन हाकांच्या मधे ते पडून उठून कपडे झटकून उभं. पोलीस गस्तीसारखं.

शेवटी तो १.३.६.१ वाला प्रश्न कामी आला. सव्वातीनला मी स्विचला विचारलं, किती वेळापासून चालू आहेस. उत्तर आलं, आकडेमोड केली, अकरा मिनिटं. म्हंजे नेट जातच नव्हतं, स्विचच बंद होऊन परत चालू होत होता. मला इतका आनंद झाला की पेढीतच ओरडलो. कोणालाच काही कळलं नाही. एकाने पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला वाडीला. पत्र्याचं शेड, आत तवा. माळ्यावर स्विचची पेटी, तिच्याखाली यूपीएस, आणि मी स्टुलावर, घाम गळतोय, नजर दिव्यांवर. तीनला पाच मिनिटं कमी असताना मागून घर्रर्र आवाज आला, ट्यूबलाइट एकदा खाली बसली, स्विचचे सगळे दिवे विझले आणि मग एकेक करून मिचमिच करत परत लागले. स्टुलावरून उतरलो तर चौकीदार काका पाइप घेऊन कूलरच्या टाक्या भरत होते.

"काका, आत्ता काय चालू केलं?"

"बोरची मोटर. कूलरमंदी पानी पायजे ना. मोटर लावली का लाइट अशी डुबकी मारते, मंग तुमचा तो डबा झोपते घडीभर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले तं एप्रिलपासून माईत हाये." त्यांनी पाइप दुसऱ्या टाकीत टाकला. "मले वाटलं तुमी लोकं कॉम्प्युटरवर पाहून रायले असान."

यूपीएस उघडला. आतली बॅटरी फुगून पोळीसारखी टम्म, कधीची मेलेली. हजार-अकराशेची नवीन टाकली आणि प्रश्न मिटला. मोटर अर्थात आपल्याच कंपनीची होती. ते मी काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "उचलते ना पानी बराबर?"

तरी सॉफ्टवेअर ठेवलंय. भिंतीवर ४३ इंची टीव्ही आला, नकाशा आला, ठिपके आले. विचारपूस आता दर मिनिटाला. यूपीएसच्या बॅटरीवर लक्ष ठेवता येतं का ते पाहिलं, तर त्यासाठी यूपीएसमध्ये वेगळं कार्ड लागतं आणि आमच्या यूपीएसला ते बसवायची जागाच नाही. चौकीदार काकांना म्हटलं, आता बॅटरी नवी आहे, काळजी नाही. पण एकदा मी त्यांना म्हणून बसलो होतो की मोटर लावायच्या आधी मला मिस कॉल देत जा, ते त्यांनी मनावर घेतलंय आणि आता ते बंद करायला तयार नाहीत.

परवा अमरावतीचे दोन व्यापारी पेढीवर आले होते. काकाजी टीव्हीसमोर उभे राहून त्यांना दाखवत होते, हे वाडी, हे हिंगणा, सगळं लाइव्ह, इथं बसल्या बसल्या समजते. पाहुणे माना डोलवत होते. तीनला पाच कमी होते. माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

"हे पाहा," काकाजी वळून म्हणाले, "अलर्ट आला."