लाल बाटलीतून प्राणवायू येत नाही

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, कोळंबी करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: 'प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंचं लाल पाणी तळ्यात ओता, ते झाडांसारखा प्राणवायू सोडतात आणि ऊन साठवून रात्रीही तो पुरवतात.' प्राणवायूचं साफ खोटं, साठवणीचं अर्धवट.

अशा बाटल्यांत बहुधा ऱ्होडोस्यूडोमोनससारखे जांभळे जिवाणू असतात. ते पाण्याचा रेणू फोडत नाहीत, मग प्राणवायू कुठून निघणार? उलट अंधारात, पाण्यात प्राणवायू असेल तर ते तोच वापरून श्वसन करतात! उजेडातून त्यांना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, मिळतं. कार्बन मिळतो तो तळाशी कुजणाऱ्या खाद्यातून सुटलेल्या अ‍ॅसिटेटसारख्या संयुगांतून.

साठवण होते, पण ती कार्बनची. अ‍ॅसिटेट मुबलक आणि नायट्रोजन अपुरा असला की वाढ अडते, आणि पेशी उरलेला कार्बन पीएचबी नावाच्या पॉलिस्टरच्या दाण्यांत घालते. सूक्ष्मदर्शकाखाली हे दाणे चकाकणारे ठिपके दिसतात. काही कार्बन ग्लायकोजेन या पिष्टासारख्या पदार्थाच्या रूपातही राहतो. उपासमारीत हेच मोडून खायचं, कणगीतल्या भातासारखं. एटीपीचा मात्र साठा होत नाही. बनलं की लगेच खर्च. गंधकवाल्या भाऊबंदांची तऱ्हा वेगळी: ते चिखलातला हायड्रोजन सल्फाइड वापरून गंधकाचे कण पेशीत ठेवतात.

कुजका माल पचवायला बाटलीचा थोडा उपयोग होईलही. पण पहाटे प्राणवायू कमी पडून कोळंबी पृष्ठभागावर येऊ लागली, तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा नाहीतर मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, भरतीचं पाणी घ्या.