हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

पुण्याहून पाहुणे आले की आमची फिलाडेल्फियाची फेरी ठरलेलीच. इंडिपेन्डन्स हॉलमधली ती खोली पाहून प्रत्येक जण म्हणतो, "एवढीशीच?" हिरव्या कापडाची टेबलं, समोर वॉशिंग्टनची खुर्ची, तिच्या पाठीवर कोरलेला अर्धा सूर्य. १७८७च्या उन्हाळ्यात अमेरिकेची राज्यघटना इथेच घडली, तीही गुपचूप. देश तडजोडीतून उभा राहिला, असं गाइड सांगतो आणि सगळे माना डोलावतात. मीही डोलवायचो. हल्ली जमत नाही.

तडजोड झाली हे खरंच. मोठ्या व्हर्जिनियाला संसदेत लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, छोट्या न्यू जर्सी-डेलावेअरला सगळ्या राज्यांना सारख्या. कनेक्टिकटच्या रॉजर शर्मनने आग्रह धरला: एक सभागृह असं, दुसरं तसं. १६ जुलैला ते ५ राज्यं विरुद्ध ४ असं कसंबसं पास झालं, मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी तर निम्मे इकडे, निम्मे तिकडे. यात माझी तक्रार नाही. दोघांनीही स्वतःचं काहीतरी सोडलं.

पण लोकसंख्या मोजायची म्हणजे कुणाला मोजायचं? मेख तिथे आहे. 'गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरलं' हे ऐकून आपल्याला वाटतं, मालकांनीच कमी मोजायचा हट्ट धरला असेल. छे! दक्षिणेतल्या मालकांना गुलाम पूर्ण मोजून हवे होते. मत द्यायचा हक्क गुलामांना नाहीच, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या जागा वाढणार. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरीने विचारलंच, तुमची ही मालमत्ता मोजायची, तर आमची गुरं-घोडी का नकोत? (यातही माणुसकी शोधू नका.) गंमत म्हणजे ३/५ हा आकडा १७८३च्या कराच्या वादातला. तेव्हा डोकी मोजून राज्यांवर बोजा पडणार होता, त्यामुळे हेच दक्षिणवाले म्हणत होते, गुलाम कमी धरा!

पुढे ऑगस्टमध्ये आणखी एक सौदा. जहाजवाहतुकीचे कायदे साध्या बहुमताने व्हावेत, ही न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतल्या व्यापाऱ्यांची सोय झाली. बदल्यात दक्षिणेसाठी १८०८पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालायची नाही. वीस वर्षांत व्हायचं ते सगळं नुकसान होऊन जाईल, असं व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसनने बजावलं होतं. तरी ठराव झाला. सप्टेंबरमध्ये ३९ जणांनी सह्या केल्या त्या मसुद्यात 'गुलाम' हा शब्द कुठेही नाही. 'इतर व्यक्ती' म्हटलंय. लिहायची लाज वाटली, करायची नाही.

हॉलपासून दोन मिनिटांवर, राजधानी फिलाडेल्फियात असताना वॉशिंग्टन जिथे राहायचे, ती जागा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिने इथे राहिलेला गुलाम स्वातंत्र्य मागू शकत होता. म्हणून मुदत भरायच्या आत वॉशिंग्टन आपल्या माणसांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. मार्था वॉशिंग्टनची दासी ओना जज मे १७९६मध्ये, घरचे जेवायला बसलेले असताना बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरला पोहोचली. पळालेल्या गुलामाला मालकाच्या ताब्यात द्यायचं, हे घटनेतच होतं; त्याच्या अंमलबजावणीच्या १७९३च्या कायद्यावर सही खुद्द वॉशिंग्टन यांची. तिला परत आणायचे प्रयत्न झाले, ती आली नाही. १८४८मध्ये वारली तेव्हाही कागदोपत्री ती गुलामच होती.

पाहुण्यांना मी आता आधी तिथे नेतो. हॉल नंतर, वेळ उरला तर.