रिस्क रजिस्टर कसं भरावं (आणि नंतर कुणाच्या गळ्यात घालावं)

बांधकामावरचे धोके शोधून त्यांच्या यादीत, म्हणजे रिस्क रजिस्टरमध्ये, भरायचं काम तुमच्याकडे आलंय? घाबरू नका. हे काम बसल्या खुर्चीत होतं, साइटवर जायची गरज नाही, उगाच बूट खराब होतात.

पहिलं म्हणजे जुन्या प्रोजेक्टची एक्सेल शोधा आणि वरचं नाव बदला. आतलं वाचत बसू नका. आमच्या ड्रेनेज लाइनच्या रजिस्टरमध्ये "बोगद्यात पाणी शिरणे" असा धोका आहे. बोगदा कुठेच नाही. पण तो धोका कायम हिरव्यात असतो, म्हणजे आम्ही तो उत्तम सांभाळलाय.

मग शक्यता गुणिले परिणाम, दोन्हीला 1 ते 5 मार्क. उत्तर 20 आलं की साहेबांना लाल रंग दिसतो आणि त्यांचं बीपी वाढतं, म्हणून 4 ची शक्यता 2 करा, झाले 10, पिवळं. जमिनीत काही बदललं नाही, पण मीटिंग वेळेत संपली ना!

जमिनीखाली काय आहे ते तपासायचे बोअर कमीच घ्या. दोन बोअरच्या मधे काय आहे ते खोदल्यावर कळतंच की.

शटरिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत धरून ठेवणारा साचा, लवकर काढा. 1978 मध्ये अमेरिकेत विलो आयलंडला कूलिंग टॉवर बांधताना मचाणाचा भार आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटवर टाकला होता, सगळं खाली आलं, 51 माणसं गेली. पण शेड्युल म्हणजे शेड्युल.

आता सगळ्यात महत्त्वाचा कॉलम, "ओनर", म्हणजे तो धोका कुणी सांभाळायचा. इथे जो मीटिंगला नसेल त्याचं नाव टाका, त्याला सांगू मात्र नका. माझं असंच टाकलं होतं, "खोदकामाची बाजू ढासळणे" यापुढे. मला कधी कळलं? बाजू ढासळल्यावर. त्या चराच्या काठाला समांतर तडा गेला होता, बोट आत जाईल एवढा, उकरलेल्या मातीचा ढीग अगदी काठावर, त्याच्या मागे पोकलेन उभं, आणि रात्री पाऊस झालेला. मी फोटोसकट मेल टाकला, शोअरिंग, म्हणजे चराच्या बाजूंना आधार, मागितलं, तर उत्तर काय, तडा जुनाच आहे, बजेटमध्ये शोअरिंग नाही. जेवणाच्या सुट्टीत बाजू खाली आली म्हणून खाली कोणी नव्हतं, हे आमचं रिस्क मॅनेजमेंट. आणि संध्याकाळी मलाच विचारतात, ओनर तुम्ही ना, मग केलं काय?

"जुनंच आहे" हे उत्तरही काही नवीन नाही. 1907 मध्ये कॅनडात क्वेबेकच्या बांधकाम चालू असलेल्या पुलाचे खालचे मेंबर, म्हणजे भार पेलणारे पोलादी भाग, वाकलेले साइटवरच्या इंजिनियरांनी मोजून दाखवले होते, तेव्हा ते आधीपासूनच वाकडे होते की आता वाकले यावर वाद घालत बसले आणि काम चालू ठेवलं. भार वाढवू नका अशी तार सल्लागाराने केली, तीही पुलावर नाही, पूल बांधणाऱ्या कंपनीच्या ऑफिसला. त्याच दिवशी पूल पडला, 75 माणसं मेली.

अरे, एक घनमीटर माती दीड-दोन टनांची असते! छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस ओरडूसुद्धा शकत नाही, श्वासच घेता येत नाही त्याला. दीड मीटरच्या खाली गेलं की आधार द्या नाहीतर बाजूंना उतार द्या, हे शिकाऊ पोराला पण माहीत असतं, तुम्हाला माहीत नाही असं नाहीच, तुम्हाला पैसे वाचवायचेत आणि सहीला कोणीतरी हवंय. ओनर म्हणजे ज्याच्या हातात काम थांबवायचा अधिकार आणि शोअरिंगचे पैसे असतात तो. मला अधिकार लेखी द्या, नाहीतर त्या कॉलममधून माझं नाव काढा आणि स्वतःचं घाला. आणि तो मातीचा ढीग अजून काठावरच पडलाय, तो आधी उचला, मग घ्या हवी तेवढी मीटिंग.