डबल बेल

रोज सकाळी आठ-चाळीसच्या सुमाराला कर्वे पुतळ्यापाशी एक बस माझी वाट बघत उभी असते. मी बसने जात नाही, सायकलने जातो. तरी ती माझ्यासाठीच थांबलेली असते असं माझं ठाम मत आहे. मी तिच्या मागच्या चाकाजवळ पोचलो रे पोचलो की ती निघते, आणि निघताना पोटातला सगळा गरम वाफारा माझ्या तोंडावर सोडते. घरून अंघोळ करून निघालेला मी पौड फाट्यापर्यंत पुन्हा अंघोळीच्या लायकीचा होतो.

कोथरूड ते डेक्कन अंतर ते काय, जेमतेम चार किलोमीटर. जाताना उतार आहे, येताना चढ. (आयुष्यात मला उतार नेहमी ऑफिसकडे जातानाच का लागतो, हा वेगळा विषय.) पण हे चार किलोमीटर मी आणि ती बस एखाद्या जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंसारखे एकमेकांना खेटून, एकमेकांवर डाफरत काढतो. तिला थांबे असतात आणि मला गुडघे, त्यामुळे दोघांचा सरासरी वेग एकच पडतो. ती मला मागे टाकते आणि पन्नास पावलांवर थांब्यासाठी डावीकडे घुसते. म्हणजे माझा रस्ता संपला. मी जीव मुठीत धरून तिला उजवीकडून वळसा घालतो, पुढे होतो, अंमळ छाती काढतो. तेवढ्यात मागून भोंगा. मी डावीकडे दबतो, ती पुढे जाते, पुन्हा डावीकडे घुसते. दशभुजा गणपतीपासून गरवारे कॉलेजपर्यंत हा फुगडीचा खेळ चालतो. खिडकीतले प्रवासी पहिल्या दोन-तीन वेळा कौतुकाने बघतात, मग त्यांनाही कंटाळा येतो. एक आजोबा मात्र रोज घड्याळ लावून बसतात. त्यांची पैज कोणाशी आहे ते अजून कळलेलं नाही.

सायकल ट्रॅक आहे ना, असं तुम्ही विचाराल. आहे की. एका ठिकाणी त्यावर भेळेची गाडी आहे, पुढे डीपीचा खोका आहे, आणि त्याच्या पुढे तो ट्रॅक एका झाडात शिरतो. झाड जुनं आहे, त्यामुळे चूक ट्रॅकचीच.

बाकीच्या पोटार्थी चालकांशी माझं वैर फुटकळ स्वरूपाचं आहे. पाण्याच्या टँकरशी मी भांडत नाही. भांडणाला दोघंही शिल्लक राहायला लागतात. शाळेच्या व्हॅनचे काका सात-वीसला देवाचंही ऐकत नाहीत, पण मी तेव्हा झोपलेला असतो. विजेवर धावणाऱ्या बसगाड्या २०१९ पासून पुण्यात आल्या, त्या मांजरीच्या पावलांनी येतात. कानाशी भोंगा वाजेपर्यंत आपल्या मागे बारा मीटर लांबीचं काही आहे याची कल्पनाच नसते.

रिक्षावाल्यांशी वाद होतो तो मात्र वैचारिक असतो. नळ स्टॉपला, वर मेट्रो, तिच्या खाली उड्डाणपूल आणि त्याच्या खाली आम्ही दोघं, असे सिग्नलला उभे होतो. त्याने मागे न बघता डावा पाय बाहेर काढला होता. रिक्षाच्या भाषेत याचा अर्थ ‘मी डावीकडे वळतोय’, ‘पाय अवघडलाय’ किंवा ‘चप्पल नवीन आहे’ यांपैकी काहीही होऊ शकतो. मी काहीतरी बोललो. तो शांतपणे म्हणाला, “काका, लायसन आहे का तुमच्याकडं? पीयूसी? इन्शुरन्स? रोड टॅक्स भरता? मग रस्ता कुणाचा?”

कायद्याच्या दृष्टीने सायकल हे मोटार वाहन नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते सांगितलं असतं तर ‘मग मोटारींच्या रस्त्यावर काय करता’ हा पुढचा प्रश्न तयारच होता. म्हणून मी म्हणालो, “टॅक्स माझ्या वडिलांनी भरलाय.”

हे खरं आहे. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं तेव्हा सायकलचा कर भरून तिला बिल्ला लावावा लागे. बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी डबलसीट बसलेलं असलं, की पोलीस चाकातली हवा सोडून देत. वडिलांच्या काळ्या अ‍ॅटलसला बिल्ला होता, डायनमो होता आणि हँडलवर वाटीएवढी पितळी घंटी होती. त्या अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. ३ जून हा जागतिक सायकल दिन! मुहूर्त काढणारा माणूस पुण्याचाच असावा. वडिलांची सायकल कधीच भंगारात गेली, घंटी तेवढी मी ठेवून घेतली आणि माझ्या एकवीस गिअरच्या नव्या सायकलला बसवली. दुकानदाराने ती बसवताना, लग्नात सुटाबुटातल्या नवऱ्याला मुंडावळ्या बांधाव्यात तसा चेहरा केला होता.

या घंटीनेच घात केला.

त्या दिवशी गरवारेच्या थांब्यावर आमची बस उभी होती. मी रिवाजाप्रमाणे उजवीकडून वळसा घालत ड्रायव्हरच्या खिडकीशी आलो, तर समोरून एक बाई मोबाइलवर बोलत रस्ता ओलांडायला लागल्या. मी घंटी वाजवली. टण् टण्. दोनदा.

आता, बसच्या व्याकरणात एक टण् म्हणजे थांब आणि दोन टण् म्हणजे सोड. बस जुनी होती, कंडक्टरच्या दोरीला बांधलेली तिची घंटाही जुनी. दोन पितळांचा सूर इतका जुळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ड्रायव्हरने गिअर टाकला आणि बस सुटली. कंडक्टर तेव्हा एका आजींचं गाठोडं उतरवून द्यायला खाली उतरला होता. गाठोडं आजींच्या हातात देऊन तो वळला तर समोर बस नाही! मग तो “अरे थांब! अरे ए!” करत, तिकिटाचं मशीन छातीशी धरून पळाला. गाठल्यावर त्याने पत्र्यावर जे थाप थाप मारलं, ते ऐकून अख्खा कर्वे रस्ता थांबला. मी पुढच्या गल्लीत अदृश्य झालो. मागून ड्रायव्हरचा आवाज आला, पण त्यातले शब्द इथे देण्यासारखे नाहीत.

यानंतर आठवडाभराने, पावसामुळे सायकल ऑफिसातच ठेवून मी डेक्कनला एका अमृततुल्यात शिरलो. शेजारी कपबशी धरलेला एक हात दिसला. मनगटात तांब्याचं कडं आणि कोपराच्या वर काळा दोरा. माझ्या पोटात गोळा आला. या माणसाचं तोंड मी नीट कधी पाहिलंच नव्हतं, पण खिडकीबाहेर टेकलेला तो कोपर मी लाखांत ओळखला असता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाकावर सरकून जागा दिली. हेल्मेट नसल्यामुळे मी त्याच्या लेखी फक्त एक भिजलेला गृहस्थ होतो.

“सायकलवाले लई वाढलेत,” तो मित्राला सांगत होता. “त्यात आपलं ते कलिंगड. येडं करून सोडलंय.”

माझं हेल्मेट हिरवं आहे. त्याच्यावर गडद पट्टे आहेत. लांबून दिसावं म्हणून बायकोने निवडलेलं.

“घंटी वाजवून गाडी सोडली राव त्यानं माझी! कंडक्टर खाली! डेपोत चार दिवस सगळे मला टण् टण् करत होते.”

“हद्द झाली,” मी म्हणालो. काहीतरी म्हणणं भाग होतं.

“तसं नव्हं सायेब,” तो माझ्याकडे वळला. “आरशात दिसतो, दिसतो, आन मग एकदम दिसतच न्हाई. पुढं गेला का चाकाखाली गेला, कळत न्हाई. तो परत दिसस्तोवर माझा पाय ब्रेकवरनं हलत न्हाई. मागच्या गाड्या भोंगे मारतात, आतली उभी मानसं एकमेकांवर पडतात, आन शिव्या मला. म्हनून पुतळ्यापाशी मी काय करतो, कलिंगड आरशात दिसलं रे दिसलं की गाडी काढतो. एकदा मागं पडलं म्हंजे डोक्याला ताप न्हाई. पन कुठलं! पुढच्या थांब्याला हजर.”

म्हणजे माझं ठाम मत बरोबर होतं. पण ते बरोबर निघाल्याचा आनंद काही होईना. मी दोघांच्या चहाचे पैसे दिले.

“तुमी कसं जाता?” त्याने विचारलं.

“बसनं,” मी म्हणालो.

“मग आमच्या गाडीला या की. आठ-चाळीस, कर्वे पुतळा.”

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं की हेल्मेट बदलायला हवं. सगळी हकिकत ऐकून ती पाच मिनिटं हसली आणि म्हणाली, “अजिबात बदलू नका. पुण्यात तुम्हाला ओळखणारा तो एकच ड्रायव्हर आहे.”

दुसऱ्या दिवशी नळ स्टॉपच्या सिग्नलला बस माझ्या डावीकडे येऊन थांबली. कोपर बाहेर आला. मी मान खाली घालून पेडलकडे बघत राहिलो.

“ओ कलिंगड!”

मी वर बघितलं. बघायला नको होतं. वरून एक चेहरा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या भुवया हळूहळू वर चढत गेल्या.

“बसनं जाता न्हवं का, सायेब?”

तेवढ्यात सिग्नल सुटला आणि जोरात टण् टण् वाजलं.

मी हँडल सोडून दोन्ही हात वर केले. “मी नाही! मी नाही! आतून वाजलंय!”