तळ्यावर ब्रेड नेणाऱ्यांसाठी

थंडी पडली की तळ्याकाठी ब्रेडचे पुडे घेऊन येणारी मंडळी वाढतात. यंदा एकाने विचारलं, "बदकांसाठी व्हिटॅमिनची पावडर पोळीच्या कुस्कऱ्यात घालून दिली तर?" भावना चांगली आहे हो, पण नको.

मध्य आशिया, सैबेरियातून नांदूर मध्यमेश्वरला किंवा उजनीच्या फुगवट्यावर उतरणारं बदक आपल्या दयेवर आलेलं नसतं. तिकडे पाणी गोठतं, म्हणून ते इथल्या उथळ पाण्यावर येतं. त्यातल्या थापट्या बदकाची चोच एकदा दुर्बिणीतून नीट बघा. टोकाला रुंद पसरलेली, कडेने कंगव्यासारखे बारीक दाते. चार-सहा थापटे एकामागोमाग गोल गोल फिरत पाणी ढवळतात आणि वर आलेले सूक्ष्म जीव, बिया गाळून खातात. तलवार बदक शेपूट वर करून लांब मानेने तळाचं बी टिपतं. पाणवनस्पतींच्या हिरव्या पाल्यातल्या कॅरोटिनपासून व्हिटॅमिन ए तयार होतं, ते यकृतात साठतं. अळ्या आणि गोगलगायींतून प्रथिनं, कॅल्शियम, बी गटातली व्हिटॅमिन. डी साठी आपलं फुकटचं ऊन आहेच. यातलं पावडरीत काय घालणार?

ब्रेड म्हणजे नुसता स्टार्च. पोट भरतं, मग ते बदक चरायला जात नाही. पाहुण्यांपेक्षा मला काळजी इथेच वीण घालणाऱ्या हळदी-कुंकू बदकांची वाटते. बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी गटातलंच एक व्हिटॅमिन, कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, कमी पडलं की पाय वाकतात. वाढत्या वयात असलं पिठूळ खाणं मिळालं तर पंखाचं टोक बाहेर वळण्याचा धोका असतो. डी, ई आणि मँगनीजची कमतरताही त्यामागे असावी असं मानतात. पूर्ण वाढलेल्या बदकाचा असा पंख सहसा सरळ होत नाही, उडता येत नाही, ते जन्मभर पाण्यावरच. शिवाय उरलेले तुकडे पाण्यात कुजतात ते वेगळंच.

फरसाणवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

पण खरा राग माझा ब्रेडवर नाही, तळ्यांच्या सुशोभीकरणावर आहे. काठ उभा कापायचा, दगडी पिचिंग करायचं, लव्हाळे उपटायचे, मध्ये कारंजं. बदकाच्या जेवणाचं ताटच काढून घेतलं की! आणि मग तिथेच 'पक्ष्यांना खाऊ घाला' म्हणून गर्दी.

तुमच्या वॉर्डातल्या तळ्याचं काम निघालं तर नगरसेवकाला एवढंच सांगा: एक बाजू कच्ची ठेवा. चिखल, लव्हाळे, घोटाभर ते गुडघाभर पाणी. जॉगिंग ट्रॅक उरलेल्या तिन्ही बाजूंनी करा, आमची काही हरकत नाही.