भाचीची पदवी आणि काळोखातला मामा

भाचीच्या पदवीदानाचे फोटो काढायला डिचोलीहून सकाळची बस पकडून पणजी गाठायची, दोन तास आधी जागा धरायची, आणि सभागृहात काळोख! म्हणजे उजेड आहे, पण सगळा मागच्या निळ्या पडद्यावर. पदवी घेणारी पोर सावलीत. झूम ताणली की माझ्या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ५.६ वर अडकतं, त्याहून मोठं उघडत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० केला तरी शटर १/३० सेकंदापेक्षा जलद होईना. भाची चालली, झाली धूसर. फ्लॅश? शेवटच्या रांगेतून तो फक्त पुढच्या काकांच्या टकलापर्यंत पोचतो.

"मामा, माझा चेहरा कुठाय?" अगे बाय, तोच तर मीही शोधतोय! मागच्या वर्षी थोरलीच्या वेळीही हेच. आणि कोपऱ्यातल्या समईवर मात्र वेगळा फोकस सोडलेला!